लोकरीचे भिजत घोंगडे

यवतमाळ शहराला खेटून वसलेल्या लोहारा या गावाचे नाव उद्योगजगताला ठाऊक आहे ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. १९२५ साली ठाण्यात लोकरीची गिरणी म्हणून ज्याचा आरंभ झाला, त्या रेमंड उद्योगसमूहाने गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकात लोहारा येथे डेनिम कापडाचा कारखाना उभारला. लोकरीच्या कापडावर नावारूपाला आलेला उद्योग कापसाच्या प्रदेशात येऊन सुती कापड विणू लागला, यात व्यवहाराच्या दृष्टीने नवल काहीच नाही. नवल आहे ते निराळेच. ज्या काळ्या कसदार शिवारात पांढरे सोने पिकते, त्याच शिवारातून दरवर्षी मेंढ्यांचे कळपही चरत जातात. शेतातल्या कापसाला जिनिंग आहे, गिरणी आहे, बाजार समिती आहे, हमीभाव आहे. मेंढीच्या अंगावरील लोकरीला मात्र यांपैकी काहीही नाही. कातरल्यानंतर ती कोठे टाकावी, हाच अनेक मेंढपाळांपुढचा प्रश्न असतो.

ही विसंगती आज अधिक बोचते, कारण नेमक्या याच काळात जगाला लोकरीची नव्याने आठवण झाली आहे. पृथ्वीला भार न होणारे वस्त्र कोणते, याचा शोध पाश्चात्त्य देशांत जोरात सुरू आहे आणि त्या शोधात लोकरीचे नाव पुन्हा पुढे आले आहे. महानगरांतील चकचकीत दुकानांत ‘निसर्गस्नेही’ अशी चिठ्ठी लावलेली परदेशी लोकरीची वस्त्रे हजारो रुपयांना विकली जातात. ती विकत घेणाऱ्या सुशिक्षित ग्राहकाला आपल्याच राज्यातील मेंढीची लोकर उकिरड्यावर जाते, याचा पत्ताही नसतो.

लोकरीची महती हा केवळ जाहिरातीचा खेळ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लोकर हा केराटिन या प्रथिनाचा तंतू आहे. मेंढी गवत आणि पाला खाते आणि त्यातून तो तंतू वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उगवतो. आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के इतका बाष्परूप ओलावा लोकर पोटात सामावून घेते, तरी स्पर्शाला ती ओली भासत नाही. ओलावा शोषताना ती किंचित उष्णताही देते. त्यामुळेच झिमझिम पावसात घोंगडीची खोळ घेतलेला गुराखी दिवसभर रानात उभा राहू शकत असे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. पेटलीच तर ज्वाळा दूर होताच बहुधा आपोआप विझते. आणि तिचे आयुष्य संपल्यावर ती मातीत मिसळून जाते. तिच्यात सुमारे सोळा टक्के नत्र असते, म्हणजे जाता जाता ती जमिनीला खत देऊन जाते.

याच्या नेमके उलट लक्षण कृत्रिम धाग्याचे आहे. पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म कण पाण्यात उतरतात, तेथून नदीत, समुद्रात आणि अखेर माणसाच्या अन्नसाखळीत पोचतात. टाकून दिलेले असे कापड पिढ्यान् पिढ्या कुजत नाही. तरीही आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंत पॉलिएस्टरचा वाटा निम्म्याहून अधिक आहे आणि लोकरीचा जेमतेम एक टक्का. स्वस्ताईच्या मोहाने मानवजातीने अंगावर तेलाची विहीर पांघरली आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

परंतु लोकर म्हटली की ती आपोआप निर्दोष ठरली, असेही नाही. मेंढी रवंथ करते आणि मिथेन वायू सोडते. केवळ लोकरीसाठी लक्षावधी मेंढ्या पोसायच्या, ती लोकर धुण्यासाठी पाणी आणि रसायने वापरायची, मग जहाजाने अर्ध्या जगाला वळसा घालून ती दुसऱ्या खंडात न्यायची, या साऱ्याचा भार पृथ्वीवर पडतोच. वस्त्राचा निसर्गाशी असलेला स्नेह केवळ तंतूच्या जातीवर ठरत नाही. तो तंतू कोठे निर्माण झाला, कोणाच्या हातून विणला गेला आणि किती वर्षे वापरला गेला, यावरही तो ठरतो. या कसोटीवर घासून पाहिले, तर दख्खनच्या पठारावरील काळ्या मेंढीच्या लोकरीइतके निष्कलंक वस्त्र शोधून सापडणे कठीण आहे. कारण ही मेंढी लोकरीसाठी पाळलीच जात नाही. ती पाळली जाते मांसासाठी आणि खतासाठी. लोकर हा तिच्या अंगावर आपसूक वाढणारा, आरोग्यासाठी वर्षातून बहुधा दोनदा उतरवावाच लागणारा जिन्नस आहे. त्याच्यासाठी वेगळे कुरण लागत नाही, वेगळे पाणी लागत नाही. शिवाय ती मूळचीच काळी वा करडी असल्याने पारंपरिक घोंगडीला रंगाचीही गरज भासत नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या आहेत. एका मेंढीमागे वर्षाकाठी अवघी अर्धा किलो लोकर धरली, तरी साडेतेरा लाख किलो होते. एवढ्या संपत्तीची वासलात कशी लागते? दख्खनी लोकरीचा तंतू जाड आणि राठ असतो. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीच्या तलम तंतूशी तुलना केली, तर तो दुपटीहून अधिक जाड भरतो. सुटाबुटाच्या कापडाला तो चालत नाही, गालिच्यांच्या कारखानदारांनाही तो फारसा भावत नाही. परिणामी व्यापारी जो भाव देतो, त्यातून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. पूर्वी लोकर विकून मेंढपाळाच्या घरात चार पैसे येत; आज ती उतरवण्यासाठी त्याला पदरचे पैसे घालावे लागतात. मग ती बांधावर फेकली जाते वा जाळली जाते. देशाचे चित्रही फारसे वेगळे नाही. भारतातील लोकरीपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के गालिच्यांच्या दर्जाची, दहा टक्के त्याहूनही जाडीभरडी आणि केवळ पाच टक्के वस्त्रांच्या दर्जाची मानली जाते. तलम लोकर मुख्यत्वे ऑस्ट्रेलियातून येते आणि २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या व्यापार करारानुसार तिच्यावरील आयातशुल्कही उठले आहे. कापड उद्योगाला त्याचा लाभ झाला असेल. तथापि परकी लोकर सुलभ करताना स्वदेशी लोकरीची काय व्यवस्था लावायची, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसले नाही.

जाड लोकर निरुपयोगी असते, हा समजही अलीकडचाच आहे. तिच्या जाडेपणावरच तर या मातीत एक संपूर्ण कारागिरी उभी राहिली होती. मेंढपाळाने लोकर कातरायची, घरातील स्त्रियांनी ती निवडायची, पिंजायची, सूत काढायचे आणि सनगर वा खुटेकर विणकराने खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ द्यायची, कुंचाने ती सारखी करायची. कोकरांच्या पहिल्या कातरणीची, जावळाची घोंगडी सर्वांत मऊ आणि म्हणून सर्वांत मानाची. न विणता, ओल्या लोकरीचे थर दाबून आणि मळून केलेले जेन हे अंथरूण तर आणखी निराळे. या सगळ्या व्यवहारात रसायन नव्हते, वीज नव्हती आणि वाया जाणारे काही नव्हते. एक चांगली घोंगडी घरात पंचवीस-तीस वर्षे सहज टिकत असे. उन्हात छत्र, पावसात खोळ, थंडीत पांघरूण, पाहुणा आला की बैठक आणि बाळंतिणीच्या खोलीत ऊब, अशी तिची नाना रूपे होती.

ही घोंगडी केवळ गरिबाचे पांघरूण नव्हती. महाराष्ट्राच्या देवघरातही तिला स्थान होते. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भाविक भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळ गोपजनांच्या, धनगर-गवळ्यांच्या दैवतात शोधले. संतांनीही घोंगडीचे रूपक आपल्या वाणीत वापरले. मल्हारराव होळकर धनगर कुळातून पुढे आले. त्यांच्या सूनबाई, १७२५ साली चोंडी येथे जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांनी महेश्वरला विणकर वसवून तेथील हातमागाला राजाश्रय दिला, त्या मागाचे नाव आजही देशभर आहे. २०२५ साली त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी सर्वत्र थाटामाटाने साजरी झाली. पुतळे झाले, व्याख्याने झाली, मिरवणुका निघाल्या. पण ज्या राज्यकर्तीने विणकराला पोटापाण्याचे साधन दिले, तिच्याच समाजातील मेंढपाळाच्या लोकरीला गिऱ्हाईक मिळवून देण्याचा संकल्प त्या वर्षात किती ठिकाणी सोडला गेला? तिचे खरे स्मरण पुष्पहारात नव्हे, मागाच्या आवाजात आहे.

आता पुन्हा यवतमाळकडे वळावे. या जिल्ह्यात लोकरीचा प्रश्न केवळ मेंढपाळाचा उरत नाही. तो कापूस उत्पादकाच्याही दाराशी येतो. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच विदर्भाचे शिवार एका पिकाच्या, एका बियाण्याच्या आणि महागड्या निविष्ठांच्या अधीन झाले. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने उभे पीक पोखरले. या अळीला आवर घालण्यासाठी कृषी खाते आज जो सल्ला देते, तो मुळातून वाचण्याजोगा आहे. फरदड घेऊ नये, हंगाम वेळेत संपवावा आणि शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चरायला सोडाव्यात, म्हणजे पऱ्हाटीवर उरलेल्या किडक्या बोंडांसह अळीचा नायनाट होतो! ज्या मेंढीला आधुनिक शेतीने शिवाराबाहेर हाकलले, तिलाच परत बोलावण्याची वेळ शास्त्रावर आली आहे. विषारी फवारा माणसाला मारतो; मेंढी मात्र अळी खाते आणि जाताना शेतात लेंडीखत सोडते. या खतात साध्या शेणखतापेक्षा नत्र अधिक असते, हे शेतकीचा विद्यार्थीही जाणतो.

मेंढ्या शेतात बसवण्याची ही रीत विदर्भाला नवी नाही. पीक निघाले की मेंढपाळाला आवतण जायचे, रात्री कळप शेतात बसायचा, सकाळी शेतकरी त्याच्या पदरात धान्य वा पैसे घालायचा. येथील धनगर, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कुरमार आणि कच्छ-काठेवाडातून उंटांसह येणारे रबारी यांच्या वाटा त्या त्या मुलखाला पाठ असत. शेतकरी स्थिर, मेंढपाळ फिरता. पण दोघांचा प्रपंच एकमेकांत विणलेला होता. ताण्याला बाण्याने आणि बाण्याला ताण्याने धरून ठेवावे, तसा. आज हा विणकाम उसवला आहे काय? दुर्दैवाने उत्तर होकारार्थी आहे. पडीक रानांवर अतिक्रमणे झाली, गायराने आक्रसली, वनक्षेत्रांत चराईबंदी आली. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे. वाघ वाचलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु अरण्य राखताना मेंढपाळाला पर्यायी चराईची जागा दाखवावी, एवढे तरी शासनाचे कर्तव्य ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांच्या चराईच्या आणि हंगामी वापराच्या हक्कांना मान्यता दिली आहे. प्रत्यक्षात पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा सतत फिरणाऱ्या माणसाने कोठून आणावा, या एका अटीत तो हक्क अडकून पडतो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांच्या नावाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ राज्यात कार्यरत आहे. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतून वीस मेंढ्या आणि एक नर अशा गटासाठी अनुदान देण्यात येऊ लागले. पुढे पावसाळ्यातील चार महिन्यांच्या चराईसाठीही साहाय्य जाहीर झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी विकसित करून मेंढपाळाचे उत्पन्न वाढवण्याचा मार्ग दाखवला. हे सारे स्वागतार्हच आहे. पण या योजनांचा रोख कळपावर आणि मांसावर आहे. लोकर त्यांच्या हिशेबातून सुटली आहे. मेंढी वाढावी असे ज्यांना वाटते, त्यांनी तिच्या अंगावरील अर्धा किलो लोकरीचाही विचार करावयास हवा. अन्यथा कळप जितका मोठा, तितका फेकून द्यायच्या लोकरीचा ढीग मोठा, एवढेच घडेल.

करावयाच्या गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत. लोकर गोळा करण्याची, धुण्याची आणि पिंजण्याची छोटी केंद्रे मेंढपाळांच्या वाटांवर उभी राहिली, तर निम्मे काम होईल. कारण आज कारागीर आणि लोकर या दोहोंच्या मध्ये जी दरी आहे, ती धुलाई-पिंजाईचीच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात नांदगाव पेठ येथे मोठे वस्त्रोद्योग उद्यान आकाराला यावयाचे आहे. त्याची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी बसवण्यात आली. कापसासाठी एवढी मोठी व्यवस्था उभी राहत असताना तिच्या एका कोपऱ्यात लोकरीसाठी एखादी शेड काढणे जड जाऊ नये. लोहाऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजकांनीही या जाड लोकरीकडे नव्या दृष्टीने पाहावे. अंगात घालण्याजोगी ती नसेल. पण अंथरुणे, आसने, गालिचे, नमदे, घराच्या छताखालील उष्णतारोधक थर, रोपांच्या बुंध्याशी ओलावा धरून ठेवणारे आच्छादन असे तिचे कितीतरी उपयोग आहेत. वैशाखात भाजून निघणाऱ्या विदर्भात छताखाली लोकर घालण्याची कल्पना विचित्र वाटेल, परंतु जो पदार्थ ऊब आत ठेवतो, तोच ऊन बाहेर ठेवतो.

आणि हे स्वप्नरंजन नव्हे, याची साक्ष देशातच आहे. हिमाचल प्रदेशात कुल्लूच्या खोऱ्यात १९४४ साली विणकरांनी सहकारी संस्था स्थापन केली. तिने कुल्लूच्या शालीला देशभर मान मिळवून दिला. काश्मीरच्या पश्मीन्याला २००८ साली भौगोलिक मानांकन लाभले. तेथील विणकराच्या अंगी जे कौशल्य आहे, ते सनगराच्या अंगी नाही असे कोण म्हणेल? उणीव आहे ती संघटनेची, सातत्याच्या मागणीची आणि समाजाच्या आस्थेची.

यातील शेवटची उणीव भरून काढणे सर्वस्वी समाजाच्या हाती आहे. थंडीच्या दिवसांत सेवाभावी मंडळे, न्यास आणि संस्था गोरगरिबांना ब्लँकेटे वाटतात. हे दान पुण्याचेच. पण वाटले जाणारे ते ब्लँकेट बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि दोन-तीन हिवाळ्यांत त्याच्या गाठी होऊन ते फेकले जाते. त्या निधीचा काही भाग तरी हातमागावरील घोंगड्यांना मिळाला, तर एकाच रुपयात दोन घरांची ऊब साधेल. एक घेणाऱ्याची आणि एक विणणाऱ्याची. देवस्थानांनी आसने, वसतिगृहांनी अंथरुणे, मंगल कार्यालयांनी बैठका याच लोकरीच्या घ्यावयाचे ठरवले, तर विणकराला वर्षभराची निश्चिती मिळेल. राजकीय पुढाऱ्यांना अलीकडे ‘घोंगडी बैठकां’ची मोठी हौस आली आहे. त्या बैठकीत अंथरलेली घोंगडी खरोखर लोकरीची आहे की यंत्रावर काढलेल्या कृत्रिम धाग्याची, एवढे जरी उपस्थितांनी हात लावून पाहिले, तरी पुष्कळ काही साधेल. स्वदेशी म्हणजे केवळ परदेशी मालाकडे पाठ फिरवणे नव्हे. आपल्या मातीत जे उपजते त्याला मोल देणे, हा तिचा अधिक कठीण आणि अधिक खरा अर्थ आहे.

कुरणे आणि पशुपालक यांचे महत्त्व जगाला उशिरा का होईना उमगले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ साली ठराव करून २०२६ हे वर्ष त्यांच्या नावे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. असे ठराव येतात आणि जातात. दारव्हा, पुसद, उमरखेडच्या शिवारात मात्र मेंढपाळाची पुढची पिढी काठी टाकून शहरात रखवालदारीची नोकरी शोधू लागली आहे. ती एकदा गेली, की कळपांच्या वाटा बुजतील, शेताला लेंडीखत देणारे हात जातील आणि मागावर बसणारा शेवटचा म्हाताराही उठून जाईल. तेव्हा घोंगडी मिळेल ती वस्तुसंग्रहालयात, काचेच्या पेटीत.

मराठीत रेंगाळलेल्या प्रश्नाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. लोकर पाणी धरून ठेवते, म्हणून भिजलेले घोंगडे लवकर वाळत नाही, हा अनुभव या वाक्प्रचारामागे आहे. परंतु ज्यांनी हा वाक्प्रचार घडवला, त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. भिजलेले घोंगडे कोणी फेकून देत नाही. चार हातांनी दोन्ही टोके धरून ते पिळायचे असते आणि उन्हात पसरायचे असते. त्याचे एक टोक मेंढपाळाने केव्हाचे धरून ठेवले आहे. दुसरे टोक धरायला शेतकरी, उद्योजक, शासन आणि ग्राहक यांपैकी कोण पुढे येतो, एवढेच पाहावयाचे आहे.